वळलेला धोंडा

मालवण
११ फेब्रुवारी २०२५

अजयदादा,

पाकिटात फोटो आहे तो आधी बघ, मग हे वाच. मागे सगळा काळोख आणि मधोमध लाल पाणी फुग्याच्या आकारात हवेत उभं आहे. फुगा मात्र नाही. तो फुटून गेलाय आणि पाण्याला ते अजून कळलेलं नाही.

हा मी काढलाय. देवबागच्या एका जोडप्याला लग्नाआधीच्या शूटिंगमध्ये काहीतरी वेगळं हवं होतं. नारळाची झाडं, होडी, सूर्यास्त सगळ्यांचंच असतं म्हणाले. मग मी त्यांना फुगे फोडून दिले. युक्ती सोपी आहे. खोलीत पूर्ण काळोख करायचा आणि कॅमेऱ्याचं शटर उघडंच ठेवून द्यायचं. काळोखात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. फुगा फुटतो त्याच क्षणी फ्लॅश उडवायचा, की तेवढ्यापुरतं जे असेल ते फोटोत येतं.

तुला वाटेल, फोनवर का नाही पाठवला. फोनवर पाठवला असता तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. आणि फोन केला की तुझ्याकडे रेंज नसते. गांधीधामला बंदरावर एवढ्या उंच क्रेनवर बसतोस, तिथे रेंज नाही हे मला पटत नाही, पण असो. कागद हातात आला की माणूस निदान उलटून तरी बघतो.

फुग्याचं जमल्यावर मनात आलं की धोंड्याचंही जमवून बघावं. बेचकीतून सुटलेला धोंडा हवेत कसा असतो ते मला बघायचंय. एकदा तो माझ्या फार जवळ आला होता, पण तेव्हा दिसला नाही.

घाबरू नकोस, या पत्रात माफीबिफी काही नाही. आई बरी आहे. तुझं नाव घेत नाही. नारळाच्या रसातले शिरवाळे केले की एक ताट जास्त वाढते आणि मग तेही मलाच खायला लावते.

रसिका


मालवण
२७ फेब्रुवारी

अजयदादा,

धोंडा काही केल्या सापडत नाही. सोबतच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात जी पांढरी शेपटी दिसते ती धोंड्याची. हे म्हणजे लग्नाच्या फोटोत नेमका नवऱ्याच्या मामाचा कोपर यावा तसं झालंय.

चूक माझी होती. लग्नात फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवायची सवय हाताला लागलेली. जास्त उजेड म्हणजे फोटो जास्त स्वच्छ असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण पूर्ण ताकदीचा फ्लॅश विझायला वेळ लावतो. माणसाच्या हिशेबात तो वेळ काहीच नाही, पण तेवढ्यात धोंडा वीतभर पुढे सरकतो आणि त्याची शेपटी होते. फ्लॅशची ताकद अगदी कमी केली की तो चटकन उडून चटकन विझतो. फोटो अंधारा येतो, पण धोंडा थांबतो.

फ्लॅश नेमका कधी उडवायचा हा दुसरा घोळ. बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा मितेश आहे, त्यानं मला एक डबी करून दिली. आवाज झाला की ती फ्लॅश उडवते. बेचकीचा रबर फटकन वाजला की फ्लॅश उडायला हवा होता. तो दाजींच्या खोकल्यावर उडाला, पालीच्या चुकचुकण्यावर उडाला. आईनं माजघरातून हाक मारली, "काय गो, काळोखात काय करतसात?" त्यावरही उडाला. आईच्या हाकेचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात फक्त भिंत आहे.

दाजी म्हणजे शेजारचे, गडग्यापलीकडचे आपले दाजीच. तुला आठवत असतील, तेव्हा त्यांचे केस काळे होते. माडांवर माकडं येतात म्हणून त्यांनी कुडाळच्या बाजारातून बेचकी आणली. माकडं त्यांच्याकडे बघत बसतात. असा नेम मी आजवर पाहिला नाही. उजेडात सरावाला समोर पत्र्याचा डबा ठेवला तरी धोंडा छपराला लागतो. मी म्हटलं, दाजी, जरा डब्याकडे बघून मारा. तर म्हणाले, "गो बाय, मी डब्याकडेच बघतंय. डबोच माझ्याकडे बघना नाय."

नारळ ठेवायची मागची खोली आम्ही रिकामी केलीय. खिडकीला गोणपाट लावलं की काळोख छान होतो.

तुला हे सगळं का कळवतेय ते सांगून टाकते. तू एकदा घरी यावंस आणि माझ्याकडे बघावंस एवढंच मला हवंय. बाबांच्या दिवसांना आलास तेव्हा दारापुढच्या खळ्यात मान खाली घालून बसलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. माझी चप्पल तेवढी तू पाहिलीस. नवी होती.

रसिका


मालवण
१८ मार्च

अजयदादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. 'पत्रं पाठवू नकोस. आईला सांभाळ.' आईला मी सांभाळतेच आहे आणि पत्र मी पाठवतेच आहे, तेव्हा तुझी निम्मी आज्ञा पाळली गेली.

तू म्हणतोस नको, म्हणून एकदाच लिहिते. त्या दिवशी काय झालं ते घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. माझ्यानंतर हे सांगणारं कोणी राहणार नाही.

एप्रिल होता, कैऱ्या भरलेल्या. तू विहिरीपाशी उभा होतास, तोंड आंब्याकडे. मी डावीकडे, तुझ्या किंचित पुढे, धुण्याच्या दगडावर पाय सोडून बसले होते. सकाळी आपलं भांडण झालं होतं. तू मला बघून घेतो म्हणाला होतास, ते बाबांनी ऐकलं होतं. तू बेचकी ओढलीस. पुढचं मला दिसलं नाही. दिसलं ते थेट मिरजेच्या दवाखान्यात, एका डोळ्यानं.

तू म्हणालास, मी कैरीवर मारला होता. बाबांचं एकच म्हणणं, "झाड फुडे, चेडू बाजूक. धोंडो काय आपणान वळलो?" मुलगी बाजूला असताना धोंडा आपोआप कसा वळेल, हे पंधरा वर्षांच्या मुलानं सांगायचं तरी कसं? मग बाबा देवळात गेले, देवाला कौल लावला आणि कौल तुझ्याविरुद्ध पडला. गुरवानं देवाच्या अंगावर फुलाची पाकळी चिकटवली, ती उजवीकडून पडली, म्हणजे देव होय म्हणाला. त्यानंतर बोलायला काही राहिलंच नाही. मी मिरजेहून आले तेव्हा तू मामाकडे फोंडाघाटला गेलेला होतास. बाबांनी तुला परत बोलावलं नाही आणि तूही आला नाहीस.

मला लोक विचारायचे, त्यानं मुद्दाम मारलं का गं? मी सांगायची, मला दिसलं नाही. आजही तेच सांगते. मला दिसलंच नाही, दादा, मी काय साक्ष देऊ? हे मी रागानं लिहीत नाहीये. डोळ्याचं म्हणशील तर मला त्याची सवय झालीय. बाकीचे फोटोग्राफर एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघतात, माझे तेवढे कष्ट वाचतात. पण तुझी सवय झालेली नाही.

फोटोंचं काम चालू आहे. मितेशनं आवाजाची डबी काढून टाकली आणि मुलांच्या खेळण्यातला तो लाल उजेडाचा दिवा बसवलाय. उजेडाची बारीक रेघ आडवी सोडायची. धोंड्यानं ती तोडली की फ्लॅश उडतो. आईच्या हाकेवर उडत नाही. पण दाजींचा धोंडा डब्यापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून कॅमेरा आणि रेघ दोन्ही मी बेचकीच्या अगदी तोंडाशी आणलीत. तिथे तरी धोंडा असणारच.

स्टुडिओची पांढरी छत्री फाटली. दुसरी मागवलीय.

रसिका


मालवण
३ एप्रिल

अजयदादा,

छत्री कशी फाटली ते मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण फोटो पाठवतेय आणि तो बघून तू विचारशीलच.

दाजींच्या बेचकीचा एक पट्टा तुटला होता. त्यांनी सायकलवाल्याकडून दुसऱ्याच ट्यूबचा पट्टा कापून आणला आणि बांधला. उजवीकडचा नवा, जाड. डावीकडचा जुना, सैल. मी नेहमीच्या जागी उभी होते, दाजींच्या डावीकडे, जरा पुढे, फ्लॅशच्या छत्रीमागे. ती जागा मीच निवडली होती. धोंडा समोर जाणार, तेव्हा बाजूला धोका नाही असा माझा हिशेब.

गोणपाट लावलं, शटर उघडलं, दाजींना म्हटलं मारा. फ्लॅश उडाला आणि त्याच वेळी माझ्या कानाशी छत्री टरकन फाटली. दिवा लावला तर छत्रीला भोक आणि मागच्या भिंतीचा गिलावा उडालेला. माझ्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला. दाजी मटकन नारळाच्या ढिगावर बसले. "रसिका, मी समोरच मारलंय गो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी समोरच मारला होता, फ्लॅशच्या उजेडात बेचकी समोरच धरलेली मी पाहिली होती.

घाबरले मीही, खोटं कशाला सांगू? आईला काही सांगितलं नाही. छत्री वाऱ्यानं फाटली म्हटलं. बंद खोलीत वारा कुठून आला हे तिनं विचारलं नाही.

फोटो मी संध्याकाळी उघडला. तो सोबत आहे. नीट बघ. बेचकीचे दोन फाटे दिसतात. उजव्या फाट्याच्या आतल्या बाजूला सालपट उडालंय, त्याचे कण अजून हवेत आहेत. धोंडा फाट्याला घासून पुढे निघालाय, पण समोर नाही. डावीकडे चाललाय. कडा न् कडा दिसते त्याची, शेपटी नाही. जांभ्याचा आहे, अंगावर भोकं आहेत.

तर असा असतो तो. मी बराच वेळ बघत बसले. वाटलं होतं भीती वाटेल. पण एवढासा खडा.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून आणि डावीकडे गादी उभी करून आम्ही पुन्हा केलं. दाजी तयार नव्हते, त्यांना खूप विनवावं लागलं. धोंडा पुन्हा फाट्याला लागला. पुन्हा गादीत. पट्टे सारखे बांधले तर सरळ जातो. उजवा पट्टा जोरकस असला तर धोंड्याला उजवीकडे खेचतो, तो फाट्यावर आपटतो आणि डावीकडे सुटतो. मारणारा समोर बघत असतो.

दादा, तुझ्या बेचकीला एक पट्टा काळा होता आणि एक लाल. अख्खी वाडी तुला त्यावरून चिडवायची. लाल पट्टा ट्रकच्या ट्यूबचा होता आणि तो ओढताना तुझे दात दिसायचे. तो कुठल्या बाजूला होता ते मला आठवत नाही.

तुला आठवतं का?

रसिका


मालवण
२१ एप्रिल

अजयदादा,

तुझ्याकडून काही आलं नाही, तरी लिहिते. आईला कळलं.

फोटो मी मोठा करून स्टुडिओत टेबलावर ठेवला होता. आई डबा घेऊन आली. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सगळंच बारकाईनं बघायची हौस आहे. म्हणाली, "ह्या काय?" मी म्हटलं, दाजींची बेचकी. धोंडा समोर मारला होता. तिनं फोटोवर बोट ठेवलं, बेचकीपासून धोंड्यापर्यंत नेलं, आणि परत आणलं. मग पुन्हा नेलं.

"वळलो," ती म्हणाली. "वळलो गो तो."

मग खुर्चीवर बसली आणि रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं. त्याला मी पंख्याखाली बसवून ठेवलं.

रात्री जेवताना मी तिला कौलाचं विचारलं. देव होय म्हणाला होता, मग हे कसं? तिला सगळं शब्दन् शब्द पाठ होतं. ती बाबांच्या मागे उभी होती तेव्हा.

"तुझ्या बापाशीन काय इचारल्यान म्हायत आसा? 'देवा, ह्यो धोंडो माझ्या झिलाच्याच हातचो काय?' देवान होय म्हटल्यान. तां खोटा खंय होता? धोंडो त्याच्याच हातचो. मुद्दाम मारल्यान काय, तां कोणीच इचारूक नाय."

"मग तू का नाही बोललीस?" मी विचारलं.

"देवळात बायलमाणूस मधीच बोलता? आणि मगे तुझो बापूस आयकतलो होतो?" ताटातला भात तिनं तसाच ठेवला. "माका वाटला, देवाक सगळा कळता. न इचारलेलाय कळता."

म्हणजे देवाची काही चूक नाही, दादा. धोंडा तुझ्या हातून सुटला हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, तेच त्याला विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. आणि आपण सगळे ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर समजून घरी आलो. बाबांवर मला राग आला आणि दयाही आली. एवढा व्यवहाराचा माणूस, नारळाची पारख न हलवता करायचा, आणि प्रश्न असा विचारून बसला.

आईला आता पुन्हा कौल लावायचाय. तू येशील की नाही ते विचारायचं म्हणते. मी म्हटलं, देवाला नको विचारूस, त्यालाच विचार. मग तिनं या कागदावर स्वतःच्या हातानं लिहायचं ठरवलं. चष्मा शोधला, पेन झटकलं, आणि हे लिहिलं:

अजया, येतस?

एवढं लिहून ती झोपायला गेली. तिच्या हाताचा ठसा आहे खाली, तो आमटीचा आहे.

रसिका


मालवण
९ मे

अजयदादा,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी एका बारशाचे फोटो निवडत होते. उभ्या उभ्या वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं आणि मग पत्र देवाजवळ ठेवलं. आता ते तिथेच आहे, त्यामुळे तू लिहिलेलं मला आठवणीनंच लिहावं लागतंय.

लाल पट्टा उजवीकडे होता. फाटा पेरूचा होता. आणि तू लिहिलंस की आधी टक् असा आवाज आला होता, मग मी ओरडले. तो टक् तू बाबांना त्याच संध्याकाळी सांगितला होतास. त्यांनी कानाखाली मारली. नंतर मामाला सांगितलास, तो म्हणाला आता विसर. त्यानंतर तू कोणाला सांगितलं नाहीस, आणि हळूहळू तुला स्वतःलाच वाटायला लागलं की आवाज आलाच नसेल, आपण मुद्दामच मारला असेल. सकाळी बघून घेतो म्हणालो होतो ना, असं लिहिलंयस.

हे वाचून मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं मला वाटायचं की त्या दिवसाचं जे काही झालं ते माझ्या डोळ्याला झालं. तुझ्या कानालाही झालं होतं, ते मला माहीत नव्हतं.

आवाज आला होता, दादा. माझ्याकडे त्याचा फोटो आहे.

तू पंचवीस तारखेच्या रविवारी सकाळी कुडाळला उतरतोयस. मी स्टेशनवर येते. दाजी म्हणतात तेही येणार, तुला बेचकी दाखवायचीय. त्यांना मी घरीच थांबवणार आहे. आईनं शिरवाळ्यांचं पीठ काढलंय आणि यावेळचं जास्तीचं ताट मला खायला लागणार नाही याचा मला आनंद आहे.

एक सांगून ठेवते. गर्दीतून येताना माझ्या उजव्या बाजूनं ये. तुला ठाऊक नसेल, तू कधी वर बघितलंच नाहीस, पण माझा डावा डोळा गेलाय. त्या बाजूनं आलास तर तू मला दिसणार नाहीस.

रसिका